तुलसीवन ते अंगण : तिरुनागेश्वरम् आणि तुळशीच्या लागवडीचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासक्रमात आपण राजे, लढाया, करपद्धती आणि व्यापारी मार्ग यांच्याविषयी बरेच वाचतो. घराच्या अंगणात वाढणाऱ्या एखाद्या झाडाचा इतिहास मात्र क्वचितच वाचायला मिळतो. या पाठात आपण तुळशीचा असा इतिहास पाहणार आहोत. ही आपल्याच भूमीतील, भरपूर ऊन लागणारी आणि काही वर्षे टिकणारी फुलझाड-वनस्पती आहे. 'फुलझाड' म्हटल्यावर तुम्हाला गुलाब किंवा शेवंती आठवेल. पण तुळशीची मंजिरी म्हणजे तिच्या फुलांचा तुराच होय.

अभ्यासाचे केंद्र म्हणून आपण तमिळनाडूतील कुंभकोणमजवळचे तिरुनागेश्वरम् हे गाव घेऊ. या एका गावात दोन मोठी देवस्थाने आहेत. एक नागनाथस्वामींचे शिवमंदिर. नवग्रहांपैकी राहूचे स्थान म्हणून आज ते प्रसिद्ध आहे. दुसरे उप्पिलिअप्पन हे विष्णुमंदिर. आळ्वार संतांनी गायिलेल्या 108 दिव्यदेशांपैकी ते एक. शिवमंदिराचा स्थलवृक्ष शेण्बगम्, म्हणजे सोनचाफा, आणि तेथील देवाला शेण्बगारण्येश्वर, 'चाफ्याच्या वनाचा स्वामी', असेही नाव आहे. विष्णुमंदिराच्या परिसराला परंपरा 'तुलसीवन' म्हणते. एकाच गावाच्या स्मृतीत अशी दोन वने आहेत.

या पाठातला मुख्य प्रश्न असा : जी वनस्पती दोन-चार वर्षांत वठते, ती एखाद्या गावाच्या, एखाद्या भाषिक समाजाच्या ओळखीत शतकानुशतके कशी टिकते? तिला कोण टिकवते, आणि त्या टिकवणाऱ्यांची नोंद इतिहासाच्या साधनांत कोठे सापडते?

1. वनस्पतीची ओळख

तुळशीचे आजचे शास्त्रीय नाव ऑसिमम टेन्युइफ्लोरम. लिनियसने हे नाव 1753 मध्ये दिले. पुढे 1767 मध्ये त्यानेच दिलेले ऑसिमम सँक्टम हे नाव जुन्या पुस्तकांत सर्रास आढळते, म्हणून दोन्ही नावे लक्षात ठेवा. हिरव्या पानांची राम तुळस आणि जांभळट छटेची कृष्ण तुळस हे एकाच जातीचे दोन प्रकार आहेत. ज्याच्या बियांना आपण सब्जा म्हणतो ती वनस्पती मात्र वेगळी, ऑसिमम बॅसिलिकम. जुने ग्रंथ वाचताना हा फरक विसरल्यास गोंधळ होतो.

इतिहासाच्या दृष्टीने या वनस्पतीचे तीन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला, तिला ऊन लागते. दाट सावलीत ती लांबुडकी आणि विरळ होते. दुसरा, मुळाशी पाणी साचलेले तिला सोसत नाही. तिसरा, ती बहुवार्षिक असली तरी दीर्घायुषी नाही. खोड लाकडासारखे होते, पाने लहान होऊ लागतात आणि साधारण दोन ते चार वर्षांत झाड थकते. वड किंवा पिंपळ माणसाच्या मदतीशिवाय शेकडो वर्षे उभा राहतो. बागेतली तुळस तशी राहत नाही. पडलेल्या बियांतून काही रोपे आपोआप उगवतात हे खरे, पण नेमक्या त्याच जागी तुळस हवी असेल तर कोणाला तरी बी जपावे लागते, रोप लावावे लागते आणि रोज पाणी घालावे लागते.

म्हणून एखाद्या ठिकाणी 'शेकडो वर्षांची तुळस' आहे असे कोणी सांगितले, तर ते झाडाचे वय नसते. ते लागवडीच्या सवयीचे वय असते. ही गोष्ट पुढील सर्व चर्चेत लक्षात ठेवा.

2. औषधी वनस्पतीपासून देवतेपर्यंत

तुळशीचा मान वेदकाळापासून आहे असे आपण सहज बोलून जातो. ऋग्वेदात मात्र तुळशीच्या पूजेचा उल्लेख नाही. चरकसंहितेत श्वासविकारांवर उपयोगी पडणाऱ्या द्रव्यांच्या गणात 'सुरसा' येते आणि टीकाकारांनी ती तुळस मानली आहे. तेथे ती औषधी आहे. वृंदा आणि जालंधर यांची कथा, शाळिग्रामाशी विवाह, तुळशीपत्राशिवाय विष्णुपूजा अपुरी असा विधिनियम, हे सारे पुराणांत विस्ताराने येते.

दक्षिणेतील साधने या चित्रात महत्त्वाची भर घालतात. तमिळमध्ये तुळशीचे जुने नाव 'तुळाय्' आहे. संघम साहित्यात गणल्या जाणाऱ्या परिपाडल् या संग्रहातील तिरुमाल म्हणजे विष्णूवरील रचनांत तुळशीची माळ घातलेला देव दिसतो. पुढे आळ्वारांच्या रचनांत तुळाय् वारंवार येते. पेय् आळ्वार, तिरुमंगै आळ्वार आणि नम्माळ्वार यांनी तिरुनागेश्वरम् येथील विष्णूचे, म्हणजे 'तिरुविण्णगर'च्या देवाचे, स्तवन केले आहे. विष्णू आणि तुळस यांचे नाते घट्ट करण्यात तमिळ भक्तिकाव्याचा मोठा वाटा आहे, एवढे आपण निश्चित म्हणू शकतो.

3. स्थलपुराण कसे वाचावे?

उप्पिलिअप्पन मंदिराची कथा थोडक्यात अशी. मार्कंडेय ऋषींना तुळशीच्या झाडाखाली एक बालिका सापडली. ती भूमिदेवी. त्यांनी तिला मुलीप्रमाणे वाढवले. पुढे विष्णू वृद्ध ब्राह्मणाच्या रूपात येऊन तिला मागणी घालू लागले. ऋषी म्हणाले, मुलगी लहान आहे, स्वयंपाकात मीठ किती घालायचे हेही तिला कळत नाही. पाहुणे म्हणाले, मग मी अळणी खाईन. आजही या देवाचा नैवेद्य बिनमिठाचा असतो.

कथा गोड आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही दोन गोष्टी पाहायला हव्यात.

पहिली गोष्ट नावाची. तमिळमध्ये 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'ओप्पु' म्हणजे तुलना, बरोबरी. नम्माळ्वारांच्या रचनेत हा देव 'ज्याला तोड नाही असा स्वामी' आहे, म्हणजे 'ओप्पिलिअप्पन'. 'ओ'चा 'उ' झाला की अतुल्य देव अळणी देव होतो. आधी नाव बदलले आणि मग कथा आली, की बिनमिठाच्या नैवेद्यामुळे नाव बदलले? क्रम निश्चित सांगता येत नसला तरी शब्द, विधी आणि कथा एकमेकांना कसे घडवतात याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट तुळशीची. तुळशीखाली मिळालेली मुलगी हा आकृतिबंध श्रीविल्लिपुत्तूर येथील आंडाळच्या कथेतही आहे. पेरियाळ्वारांना ती तुळशीच्या वाफ्यात सापडली असे परंपरा सांगते. सीता नांगराच्या तासात सापडते, या मुली तुळशीच्या बागेत. दोन्हींत भूमी आई आहे. पण नांगराचे तास हे शेत आहे. तुळशीचा वाफा म्हणजे राखलेली बाग. कथेत 'वन' म्हटले असले तरी अशा कथा रचणाऱ्या समाजाला रोजच्या पूजेसाठी जोपासलेली तुळस परिचित होती, असा अर्थ आपण काढू शकतो.

स्थलपुराण घटनेचा पुरावा देत नाही. पण ते रचणाऱ्यांच्या जगात काय मोलाचे होते, याचा पुरावा ते नक्की देते.

4. नंदवन : बाग आणि तिचे अर्थकारण

आता शिलालेखांकडे वळू. तमिळ देशातील मंदिरांना जोडून फुलबाग असे. तिला 'तिरुनंदवनम्' म्हणत. चोळ काळातील अनेक मंदिरांच्या भिंतींवर या बागांसाठी दिलेल्या दानांचे लेख आहेत. बागेच्या खर्चासाठी तोडून दिलेली जमीन 'तिरुनंदवनप्पुरम्' या नावाने नोंदवली जाई. अशा लेखांत जमिनीच्या सीमा, तिचे माप, बागेत काम करणाऱ्यांना द्यावयाचे धान्य आणि कापड, देवाला पुरवायच्या माळा असे तपशील येतात.

या नोंदी बारकाईने पाहा. दाता 'मी झाड लावले' असे सांगून थांबत नाही. झाड लावणारे आणि पाणी घालणारे हात पुढेही मिळत राहावेत यासाठी तो उत्पन्नाचा स्रोत बांधून देतो. लेखांच्या शेवटी सामान्यतः 'चंद्रसूर्य असेपर्यंत' अशा अर्थाची मुदत असते. तुळस, मोगरा, कण्हेर ही झाडे चंद्रसूर्य असेपर्यंत जगणार नाहीत, हे दात्याला चांगले माहीत होते. दान झाडाला नव्हते, जोपासनेला होते. पहिल्या विभागात आपण वनस्पतीच्या अल्पायुष्याविषयी जे पाहिले, त्यावरचे चोळकालीन समाजाचे हे आर्थिक उत्तर होय.

तिरुनागेश्वरम् याच जगातले गाव आहे. नागनाथस्वामी मंदिरात चोळकालीन शिलालेख आहेत. पेरिय पुराणम् रचणारा सेक्किळार हा दुसऱ्या कुलोत्तुंग चोळाचा मंत्री, बाराव्या शतकातला. त्याची या मंदिरावर इतकी भक्ती होती की चेन्नईजवळच्या कुण्ड्रत्तूर या आपल्या गावी त्याने याच नावाचे देऊळ उभारले, असे परंपरा सांगते.

बागेत राबणाऱ्यांना भक्तिपरंपरेने दिलेली प्रतिष्ठा हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. तोंडरडिप्पोडि आळ्वार यांचे जन्मगाव तिरुमंडंगुडी कुंभकोणमच्याच परिसरात आहे. त्यांनी श्रीरंगम् येथे नंदवन राखले आणि देवाला फुले-तुळस पुरवली. मूर्तीत ते फुलांची परडी घेतलेले दिसतात. पेरियाळ्वारांचीही ओळख बाग राखणारा भक्त अशीच आहे. कवी, संत आणि माळी या तीन भूमिका येथे एका व्यक्तीत येतात. मराठी वाचकाला येथे सावता माळी आठवल्यावाचून राहणार नाही. अरणच्या या संताने आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. दोन परंपरा दूरच्या असल्या, तरी मातीत राबणे हीच सेवा, हा विचार दोन्हींत आहे.

मात्र एक सावधगिरी बाळगा. संतचरित्रात माळ्याला जेवढा मान मिळतो तेवढा शिलालेखातल्या माळ्याला समाजात मिळत होता असे गृहीत धरू नका. लेखांत दात्याचे नाव ठळक असते. बागेत काम करणारे बहुधा 'कुडी' म्हणजे कूळ किंवा कुटुंब म्हणून, संख्येने किंवा वाट्याने नोंदले जातात.

5. मंदिराच्या बागेतून घराच्या अंगणात

देवळाच्या नंदवनाची जमीन दानाने चालत असे. घरातल्या तुळशीला मात्र दान नाही, लेख नाही. तिची व्यवस्था वृंदावनाने आणि घरातल्या स्त्रियांनी केली.

तुळशीवृंदावन म्हणजे विटा, दगड किंवा मातीचा उंच चौथरा, वर मातीने भरलेला कुंड आणि बाजूला दिवा ठेवण्याचा कोनाडा. बागकामाच्या दृष्टीने पाहिले तर ही रचना तुळशीला अतिशय मानवते. उंचीमुळे पावसाचे पाणी मुळाशी साचत नाही, अंगणाच्या मोकळ्या भागात ऊन मिळते, कोंबड्या-शेळ्यांपासून रोप थोडे सुरक्षित राहते. कोकणातला आषाढ-श्रावणातला पाऊस असो की कावेरीच्या खोऱ्यातला ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस, दोन्हीकडे ही उंची उपयोगी पडते. पण म्हणून 'पूर्वजांनी केवळ निचऱ्यासाठी वृंदावन बांधले' असे म्हणू नका. उंच जागा पूज्य मानण्याची प्रथा स्वतंत्रपणेही दिसते. एखाद्या गोष्टीचा फायदा होतो, एवढ्यावरून तिचा हेतू सिद्ध होत नाही. रविवारी, द्वादशीला किंवा सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये, या नियमांबाबतही हेच लागू आहे.

'वृंदावन' या शब्दाचा आणखी एक अर्थ कुंभकोणममध्येच भेटतो. माध्व संप्रदायात यतींच्या समाधीला 'बृंदावन' म्हणतात. सोळाव्या शतकातील विजयींद्र तीर्थ यांचे बृंदावन कुंभकोणम येथे कावेरीकाठी आहे. समाधीचे हे नाव आणि घडण तुळशीच्या चौथऱ्याशी नाते सांगते.

महाराष्ट्रात वारकरी संप्रदायाने तुळस आणखी पुढे नेली. गळ्यातली तुळशीची माळ ही वारकऱ्याची खूण झाली. आषाढी वारीत स्त्रिया डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात. म्हणजे बाग स्वतःच प्रवासाला निघते. माळेसाठी तुळशीचे वठलेले खोड वापरतात हेही ध्यानात घ्या. झाडाचे आयुष्य संपल्यावरही ते फेकून दिले जात नाही.

भाषेत शिरलेली तुळस हेही एक साधन आहे. दान देताना त्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवून आपला हक्क सोडण्याची रीत होती. त्यातून 'घरादारावर तुळशीपत्र ठेवणे' हा वाक्प्रचार आला. देशकार्यासाठी किंवा वैराग्याने सर्वस्व सोडणाऱ्याबद्दल आपण तो वापरतो. 'भांगेत तुळस' ही म्हण वाईट संगतीत निपजलेल्या चांगल्या माणसासाठी आहे. एका बागेतल्या रोपाने मालकीहक्क आणि चारित्र्य यांची भाषा घडवावी, ही साधी गोष्ट नाही.

या साऱ्यात रोज पाणी घालणारी व्यक्ती प्रामुख्याने घरातली स्त्री होती. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत होणारे तुळशीचे लग्न, त्यासाठी ऊस, चिंचा, आवळे जमवणे, वृंदावन रंगवणे ही कामे घरोघर होत राहिली. पावसाळ्यात वाढलेली तुळस कार्तिकात मंजिऱ्यांनी भरलेली असते आणि त्यानंतर बी पिकते. एका पिढीकडून दुसरीकडे गेलेले बी या हातांतून गेले आहे. त्यासाठी कोणी शिलालेख कोरला नाही.

6. कावेरीकाठचे मराठी लोक

तिरुनागेश्वरम्‌चा मराठीशी काय संबंध, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी 1670 च्या दशकाच्या मध्याला तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापन केली. कुंभकोणमचा परिसर या राज्यात होता. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर गादीही संपली. पण मराठी बोलणारी कुटुंबे तेथे राहिली. 'तंजावर मराठी' ही त्यांची बोली आजही घरांत बोलली जाते.

या राज्याने भक्तिपरंपरांना आधार दिला. व्यंकोजींचा मुलगा शहाजी याने 1693 मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर हे गाव 46 विद्वानांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला 'शहाजिराजपुरम्' असे नाव पडले. श्रीधर अय्यावाळ यांचे नाव याच गावाशी जोडलेले आहे. समर्थ संप्रदायाचे भीमस्वामी तंजावरात स्थिरावले. मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी (1777–1817) यांनी दक्षिणेतील भजनपद्धतीला शिस्त दिली. त्या पद्धतीत मराठी अभंगांना मानाचे स्थान मिळाले. त्यामुळे कुंभकोणमच्या आसपास तमिळ मातृभाषेचे गायकही मराठी अभंग म्हणताना आढळतात.

आता तुळशीकडे या. पंढरपूरच्या परिसरातून कावेरीकाठी आलेल्या कुटुंबाला नव्या मुलुखात तांदूळ, पाणी, भाषा, हवामान सारेच वेगळे होते. अंगणातली तुळस मात्र दोन्हीकडे होती. मराठी घरातले वृंदावन आणि तमिळ घरातले 'तुळसीमाडम्' यांत परके वाटावे असे काही नव्हते. स्थलांतरितांना नव्या गावात रुळण्यासाठी अशा सामाईक गोष्टी उपयोगी पडतात. यावर लिखित नोंदी कमी आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात 1803 चा प्रसिद्ध मराठी शिलालेख, 'भोसले वंशचरित्र', आहे. त्याचा विषय राजवंशाचा इतिहास आहे. घरातल्या वृंदावनाचा इतिहास शोधायचा तर बोली, व्रते, लग्नातली गाणी आणि जुन्या घरांची रचना याच साधनांकडे जावे लागते.

7. तुळस उपटण्याचा हुकूम

रोजच्या सवयीचे खरे मोल तिच्यावर बंदी आली की कळते. गोव्यात पोर्तुगिजांचे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षणाचे न्यायालय, 1560 मध्ये सुरू झाले आणि मधला थोडा काळ सोडता 1812 पर्यंत चालले. या न्यायालयाने 14 एप्रिल 1736 रोजी एक जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. लग्नातल्या प्रथा, गाणी, विशिष्ट खाद्यपदार्थ यांच्याबरोबर त्यात तुळशीचाही उल्लेख होता. घरात किंवा घराभोवती तुळस ठेवू नये, असलेली उपटून टाकावी, असा तो हुकूम होता. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील 1961 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या जाहीरनाम्याची माहिती दिली आहे.

हा हुकूम इतिहासाचे साधन म्हणून वाचा. बंदी घालावी लागली याचा अर्थ प्रथा चालू होती. धर्मांतर होऊन कित्येक पिढ्या उलटल्यावरही, 1736 पर्यंत, काही ख्रिस्ती घरांत तुळस असावी, नाहीतर हुकुमाची गरज पडली नसती. त्या घरातल्या बाईसाठी ती पूजा होती, खोकल्यावरचे औषध होते, की फक्त आजीपासून चालत आलेली सवय होती? न्यायालयाला असा फरक करायचा नव्हता. साध्या रोपाला श्रद्धेचा पुरावा मानले गेले आणि अंगण हे तपासाचे ठिकाण झाले.

आज गोव्यात फिरताना हिंदू घरांसमोर रंगीत वृंदावने दिसतात आणि जुन्या ख्रिस्ती घरांसमोर चौथऱ्यावर उभे क्रूस दिसतात. दोन्ही चौथरे पाहून घरासमोर पूज्य खूण उभारण्याची समान कल्पना जाणवते. वनस्पती बदलली वा गेली, जागा मात्र राहिली.

8. इंग्रजी अमदानीत तुळस

कंपनीच्या न्यायालयांत हिंदू साक्षीदारांना गंगाजल आणि तुळस हाती देऊन शपथ घालण्याची पद्धत होती. 1840 च्या पाचव्या अधिनियमाने हिंदू व मुसलमान साक्षीदारांसाठी अशा धार्मिक शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा आणली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तुळशीचे पान न्यायदानाच्या प्रक्रियेत होते.

मुंबईतले उदाहरण निराळे आहे. बेळगाव येथे जन्मलेले जॉर्ज बर्डवुड हे मुंबईतील व्हिक्टोरिया गार्डन्सच्या, म्हणजे आजच्या राणीच्या बागेच्या, उभारणीशी संबंधित होते. ही बाग 1862 मध्ये खुली झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिले. बाग तयार होताना मजूर डासांनी त्रस्त होते, स्थानिक व्यवस्थापकांच्या सल्ल्याने हद्दीवर तुळस लावली आणि त्रास कमी झाला, असे त्यांचे म्हणणे होते. हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 पासून सिकंदराबाद व कलकत्ता येथील संशोधनातून दाखवून दिले होते, त्यामुळे अशा पत्रांना उठाव होता. पण एका बागेतला अनुभव म्हणजे प्रयोग नव्हे. बाग होत असताना डबकी बुजली असतील, दलदल आटली असेल. तुळशीच्या तेलात डास दूर ठेवणारे घटक असणे ही एक गोष्ट, आणि नुसते उभे झाड डास पळवते असे म्हणणे ही दुसरी. 'तुळस वैज्ञानिक आहे' असे संदेश आज मोबाइलवर फिरतात, तेव्हा हा फरक लक्षात ठेवा.

9. प्रात्यक्षिक : आपल्या अंगणातली तुळस

इतिहासाच्या पाठात लागवडीची माहिती कशाला, असे वाटेल. पण ज्या श्रमाविषयी आपण बोलतो आहोत ते स्वतः केल्याशिवाय नीट समजत नाहीत.

मंजिरी वाळून तपकिरी झाली की ती हातावर चोळा. बारीक बी मिळेल. बी अगदी लहान असल्याने ते बारीक मातीत मिसळून वरच्यावर पसरा, खोल पुरू नका. माती ओलसर ठेवा. पाणी ओतू नका, शिंपडा. उबदार हवेत साधारण एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की ते निचऱ्याच्या कुंडीत किंवा वृंदावनात लावा. दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशी जागा निवडा. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडाशी रोपे चांगली धरतात. कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पावसाच्या आधी रोप मूळ धरेल असे पाहा.

शेंडे खुडत राहिल्यास झाड पसरते. बहुतेक मंजिऱ्या वेळीच खुडल्या तर पानांची वाढ टिकते. सर्व मंजिऱ्या पिकू दिल्या तर झाड लवकर थकते. तरी बियांसाठी दोन-चार मंजिऱ्या राखाव्यात. मधमाश्यांमुळे परागण होते, म्हणून राम आणि कृष्ण तुळस शेजारी असल्यास मिश्र रोपे येऊ शकतात. दुसऱ्या वर्षीच नवे रोप शेजारी तयार ठेवा. जुने झाड वठेपर्यंत थांबलात तर मध्ये खंड पडेल. चोळकालीन दाता जमीन देऊन हेच साधत होता, आणि घरातली आजी आगपेटीच्या रिकाम्या डबीत बी ठेवून हेच साधत होती.

समारोप

तिरुनागेश्वरम्‌च्या तुलसीवनापासून आपण सुरुवात केली. स्थलपुराणाने आपल्याला तुळशीचे मोल सांगितले, शिलालेखांनी बागेचे अर्थकारण, भाषेने हक्कत्यागाची रीत, गोव्यातल्या हुकुमाने सवयीची चिवटता आणि बर्डवुड यांच्या पत्राने पुरावा तपासण्याची गरज. या सगळ्यांतून एक निष्कर्ष निघतो. अल्पायुषी वनस्पतीची परंपरा दीर्घ असते तेव्हा तिच्यामागे सतत चाललेले श्रम असतात. काही श्रमांना जमीन आणि लेख मिळाले, काहींना मिळाले नाहीत. ज्यांना मिळाले नाहीत त्यांचा शोध घेणे हे तुमच्या पिढीच्या इतिहासलेखनाचे काम आहे.

विचारासाठी प्रश्न

1. 'बंदीचा हुकूम हा त्या प्रथेच्या अस्तित्वाचाच पुरावा असतो.' 1736 च्या जाहीरनाम्याच्या आधारे चर्चा करा.
2. मंदिराचे नंदवन आणि घराचे वृंदावन यांच्या व्यवस्थेतील फरक श्रम व उत्पन्न या दृष्टींनी स्पष्ट करा.
3. 'ओप्पिलिअप्पन' आणि 'उप्पिलिअप्पन' या नावांवरून स्थलपुराणांच्या जडणघडणीविषयी काय सांगता येईल?
4. आपल्या घरातील किंवा गल्लीतील वयस्कर स्त्रीशी बोला. तुळशीचे बी वा रोप त्यांच्याकडे कोठून आले, कोणी दिले, घर बदलताना त्याचे काय झाले, हे त्यांच्या शब्दांत एका पानात लिहा. माहिती देणाऱ्याची संमती घ्यायला विसरू नका.
5. आपल्या भागातील एखाद्या देवस्थानाचा स्थलवृक्ष कोणता आहे ते पाहा. आजचे झाड किती जुने आहे आणि त्याआधीचे कोणी बदलले, याची नोंद मिळते का?